शून्य पॉइंट दोनची मर्यादा

२ जून, सकाळी ११.४०
रिपोर्ट हातात. रक्तातला पीएसए ०.९.

गेल्या वेळी ०.६ होता. म्हणजे चढला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून एकवीस महिने झाले आणि एकवीस महिने हा आकडा शहाण्या मुलासारखा खाली येत होता. आधी चौदा, मग तीन, मग सव्वा, मग ०.६. आणि आज हा आगाऊपणा.

मी शांत आहे. शांत आहे असं इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको.

२ जून, दुपारी ४
डॉक्टरांना दाखवला. माणूस हुशार, पण वय पस्तीस. सगळं तीन वाक्यांत उरकतो. म्हणाला, काका, ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी ऑपरेशनने काढतात त्यांचा आकडा शून्यावर जातो. तुमची रेडिएशन दिलेली ग्रंथी जागेवरच आहे, ती थोडा पीएसए सोडत राहणार. तो हळूहळू उतरतो, दोन-दोन वर्षं घेतो, आणि मधेच एखादी उसळी मारतो. बऱ्याच जणांना येते, आपोआप बसते. सगळ्यात खाली गेलेल्या आकड्याच्या वर पूर्ण दोनने चढला तर आपण बोलू. म्हणजे तुमच्या बाबतीत २.६. तोवर तीन महिन्यांनी एकदा, त्याच लॅबमध्ये.

दोन! ०.६ वर दोनची सूट! ही काय मर्यादा झाली की धर्मशाळा?

चौतीस वर्षं मी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली. तिथे दोन मर्यादा असायच्या. एक गिऱ्हाइकाने दिलेली, एक आमच्या खात्याची आतली. आतली नेहमी कडक. गिऱ्हाईक पाचपर्यंत चालेल म्हणालं तर आम्ही तीनलाच माल बाजूला काढायचो. म्हणून माझ्या सहीचा माल कधी परत आला नाही. तोच नियम इथे लावायचा. डॉक्टरांची मर्यादा दोन, माझी ०.२. म्हणजे ०.८ च्या वरचा माल नापास.

हिशेब केला. मी नापास. ०.१ ने.

३ जून
हिने तिकिटांचा विषय काढला. लेकीच्या बाळंतपणाची तारीख पंचवीस सप्टेंबरची. तिला आम्ही दोघं ऑगस्टपासूनच तिकडे हवे आहोत. चौदा तासांची गाडी आहे, आत्ताच बुकिंग करायला हवं, असं हिचं म्हणणं.

मी म्हटलं, आकडा स्थिर होऊ दे, मग काढू.

ही म्हणाली, जाऊ नका असं डॉक्टर म्हणाले का?

मी म्हटलं, असल्या गोष्टी डॉक्टरांना विचारायच्या नसतात.

मग कुणाला विचारायच्या, वाण्याला? असं म्हणून ही शिवणाच्या मशीनवर बसली. झबली शिवते आहे. इतक्या जोरात पाय मारत होती की सुई मोडली. त्याचाही दोष माझ्यावर.

५ जून
संकल्प. यापुढे आकड्याचा विचार करायचा नाही. सकाळी चालणं, संध्याकाळी चालणं, दुपारी टोमॅटो. टोमॅटोचं मला एका जाणकाराने सांगितलं. जाणकार म्हणजे केस कापणारा, पण त्याचं वाचन आहे.

आलेख काढायला घेतला. विचार न करण्यासाठी सगळं एकदा कागदावर उतरवलेलं बरं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, शर्टांच्या मागे. आतल्या मर्यादेची रेघ लाल.

८ जून
जिन्यात मास्तर भेटले. तळमजल्यावर राहतात, शाळेत कवायत शिकवायचे, आवाज अजून मैदानातलाच आहे. यांचं ऑपरेशन माझ्या रेडिएशनच्या महिन्यातच झालं. वर चार मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडले, काय हो, किती? मी म्हटलं, ठीक आहे. ते म्हणाले, माझं शून्य!

प्रत्येक वेळी शून्य. आयुष्यात एवढ्या अभिमानाने शून्य सांगणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

डॉक्टर म्हणतात, त्यांची तुमची तुलना नाही. बरोबर आहे. त्यांनी ग्रंथी काढून शून्य मिळवलं, त्यात कसलं कर्तृत्व? मी ग्रंथी ठेवून मिळवून दाखवतो.

९ जून, सकाळी १०
एक फेरतपासणी करून घेतो. फक्त खात्री म्हणून. नेहमीच्या लॅबमध्ये नको, तिथली मुलगी ओळखते. बाजाराच्या टोकाला नवी लॅब झाली आहे, तिथे जाऊन आलो. सायकलने गेलो, पाऊण तास दामटली. तब्येत कशी ठणठणीत आहे ते रक्ताला आधीच कळलेलं बरं.

हिला सांगितलं, जुन्या मित्राकडे चाललो.

९ जून, संध्याकाळी
१.३.

१० जून
१.३ म्हणजे काय?

११ जून
शांत आहे.

१२ जून
नव्या लॅबला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा कडक. दुसरा अधिक कडक. तिसऱ्यात तुमच्या यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं असं विचारलं. चौथा मसुदा घेऊन स्वतः गेलो. काउंटरवरची पोर शांतपणे म्हणाली, काका, आधीचा रिपोर्ट कुठला? मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं मशीन वेगळं, आमचं वेगळं, आकडा थोडा इकडेतिकडे होणारच, नेहमी एकाच ठिकाणी करा. आणि तपासणीच्या आधी दोन दिवस सायकल नको असं तिथे लिहिलंय बघा.

भिंतीवर खरंच लिहिलं होतं. एवढ्या मोठ्या अक्षरात.

एका भागाला मोजायची दोन वेगळी गेजं लावली म्हणून मी एका नव्या कामगाराला अख्ख्या खात्यासमोर रडवलं होतं. ती गोष्ट वेगळी. तो लोखंडाचा भाग होता.

१६ जून
तिसरी लॅब. सायकल नाही, रिक्षा. ०.७.

पास! ही लॅब उत्तम आहे. स्वच्छ, हवेशीर, माणसं अदबीची.

संध्याकाळी हिला म्हटलं, तिकिटांचं बघू या. हिने लगेच चष्मा लावला. मग मनात आलं, एका मापावर माल पास करणं बरोबर नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. हिने चष्मा काढून ठेवला.

२३ जून
तीच उत्तम लॅब. १.०.

काही अर्थ नाही या लॅबला.

३० जून
लेकीचा फोन. सातवा महिना चालू आहे आता. याआधी दोनदा दिवस राहून हुलकावणी मिळाली आहे, त्यामुळे तिच्या आवाजात सारखी धाकधूक असते, पण ती दाखवत नाही. माझ्यावर गेली आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही येताय ना? आई आली की हात चालतील, पण तुम्ही असलात की मला बरं वाटतं, तुम्ही नुसते पेपर वाचत बसा.

रेडिएशनच्या वेळी ही पोर बिनपगारी रजा काढून इथे येऊन राहिली होती. सदतीस बैठका. सदतीस दिवस मला गाडीतून नेलं-आणलं. मूत्राशय भरलेलं हवं म्हणून पाण्याची बाटली हातात घेऊन घोट मोजायची, आणि रस्त्यात खड्डा आला की माझ्याआधी तीच आई गं म्हणायची.

मी म्हटलं, येणार म्हणजे काय, येणारच. जरा एक काम आटोपलं की निघालो.

कसलं काम, तिने विचारलं. मी म्हटलं, सोसायटीचं.

सोसायटीचं एक काम मी गेल्या दहा वर्षांत केलेलं नाही, हे तिला माहीत आहे.

१ जुलै
कारण इथे नीट लिहून ठेवतो. आकडा चढता असताना बाळंतिणीच्या घरात जायचं, आणि तिथे काही निष्पन्न झालं, तर? पोरीने बाळाकडे बघायचं की माझ्याकडे? म्हणून थांबलो आहे. हा भित्रेपणा नाही. ही जबाबदारी आहे.

७ जुलै
टोमॅटो बंद. छातीत जळजळ. केस कापणाऱ्याला जाब विचारला तर म्हणे, शिजवून खायचे होते काका, कच्चे कुणी सांगितले?

१४ जुलै
आतापर्यंतची मापं: ०.९, १.३, ०.७, १.०, आणि आज पुन्हा बाजाराच्या टोकाला ०.९. आलेख करवतीच्या दातांसारखा झाला आहे. सरासरी काढली. मग सर्वात वरचं माप सोडून सरासरी काढली, ती बरी आली. मग मला पटत नाहीत ती सगळीच सोडली तर ०.७ उरला. पण त्या लॅबवर माझा विश्वास नाही.

१५ जुलै, दुपारी १
पकडला गेलो.

धुण्यासाठी शर्ट काढताना हिला बाहीत रक्ताच्या ठिपक्याचा कापूस सापडला. एक नाही, दोन. मग तिने माझा हात उलटा करून पाहिला. मग कपाट उघडलं.

आलेखासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, निदान रेषांच्या सुबकपणाबद्दल काही बोलेल. म्हणाली, अहो, कॅन्सरने तुम्हाला सोडलं, तुम्ही काही त्याला सोडत नाही.

मग रडली. मग म्हणाली, मला का नाही सांगितलंत. मी म्हटलं, तुला काळजी नको म्हणून. ती म्हणाली, हे असं चोरून करता, ती काळजी नाही का?

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ती आत निघून गेली.

१६ जुलै
हिने डॉक्टरांना परस्पर फोन केला. ते म्हणाले म्हणे, खुशाल जा, तीन महिन्यांचा रिपोर्ट परत आल्यावर केला तरी चालेल, आणि काकांना सांगा इकडेतिकडे रक्त देत फिरू नका.

फोनवर असंच बोलतात. पेशंटच्या बायकोला दुसरं काय सांगणार? तज्ज्ञ माणूस शब्दांत नाही, शब्दांच्या मधल्या जागेत बोलत असतो. मला ती जागा ऐकू येते. हिला येत नाही.

२० जुलै
हिने दोन तिकिटं काढली. दहा ऑगस्टची. मला न विचारता. मी म्हटलं, ठीक आहे. खरंच ठीक आहे. संकल्प: दहा तारखेपर्यंत एकही लॅब नाही.

८ ऑगस्ट
लॅब. फक्त निघण्यापूर्वीची. १.१.

९ ऑगस्ट
हिला म्हटलं, तू पुढे हो. मी अधिकृत तपासणी करून लगेच येतो. दोन सप्टेंबरला तीन महिने पूर्ण होतात, तीनला गाडीत बसतो. तारीख पंचवीसची आहे, वेळच वेळ आहे.

मला वाटलं भांडेल. भांडली नाही. बॅगेतून माझे चार शर्ट काढून परत कपाटात लावले, आलेखाच्या पुढे, एकेक घडी सरळ करून. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

१० ऑगस्ट
सोडून आलो. गाडी हलली तेव्हा ही खिडकीतून म्हणाली, गॅस बंद करत जा, आणि पाणी प्या. एवढंच. मी बराच वेळ फलाटावर उभा राहिलो. चहावाल्याने दोनदा विचारलं, काका, उतरलात की चढायचंय?

१२ ऑगस्ट
एकटा राहण्याचे फायदे: वेळापत्रक स्वतःचं. आज भात करपला. काल वरण उतू गेलं. एकूण तोल साधला.

१९ ऑगस्ट
मास्तर डबा घेऊन आले. म्हणाले, वहिनी सांगून गेल्यात, लक्ष ठेवा. मग बसले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. म्हणे, मला शून्य येतं, पण रिपोर्टचा कागद मी उघडत नाही. पाकीट बायको उघडते. मी संडासात जाऊन बसतो, ती बाहेरून शून्य असं ओरडते, मग मी बाहेर येतो.

मी त्यांना अर्धा भात वाढला. करपलेला होता, पण खाल्ला बिचाऱ्यांनी.

२ सप्टेंबर, सकाळी
अधिकृत तपासणी. नेहमीची लॅब. सायकल नाही, टोमॅटो नाही, चिडचिड नाही. सुई टोचताना मुलगी म्हणाली, काका, हात एवढा का थरथरतोय? मी म्हटलं, एसी जास्त आहे.

एसी बंद होता.

४ सप्टेंबर, दुपारी १२.३०
०.७.

त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर, ०.९ चा ०.७. उसळी बसली. हिने फोनवर सांगितलेला आलेख डॉक्टरांनी मागितला, मी गुंडाळून नेलाच होता. उलगडून पाहिला, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कसली? सांगितलं. दोन मर्यादा, गिऱ्हाईक, आतली, कडक. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, काका, माल तपासून तुम्ही ट्रकमध्ये चढवायचात ना? की मर्यादेत असलेला मालही तीन महिने गोदामात ठेवायचात?

मग मी विचारलं, आता मी प्रवासाला जाऊ शकतो का?

ते म्हणाले, जूनमध्येही जाऊ शकत होतात. मला विचारलंच नाहीत.

बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. कुणी पाहत नव्हतं, म्हणून रडलो. नंतर लक्षात आलं की पाहत होते. लिहून टाकतो, वही माझीच आहे: घाबरलो होतो. जूनपासून, रोज. भूक लागली तरी घाबरायचो, नाही लागली तरी घाबरायचो. मरायचं नाही आहे मला. नातवंड बघायचं आहे.

४ सप्टेंबर, संध्याकाळी
तिकीट काढलं. नऊ सप्टेंबर, खिडकीची जागा. हिला फोन करून तेवढंच सांगितलं. ही म्हणाली, बरं. त्या बरं मध्ये तीन महिन्यांत पहिल्यांदा जरा ऊब होती. लेक मागून ओरडली, बाबा, स्वेटर आणा!

आलेख काढून टाकला. कपाटाच्या दाराचा रंगही थोडा निघाला.

७ सप्टेंबर
बॅग भरून तयार. मन एकदम हलकं. ०.७ वर माझा पूर्ण विश्वास आहे.

८ सप्टेंबर, सकाळी
फक्त शिक्कामोर्तब म्हणून. निघण्याआधी शेवटचं. नेहमीच्या लॅबमधल्या मुलीने घ्यायलाच नकार दिला, म्हणाली, काका, सहा दिवस झालेत, घरी जा. म्हणून बाजाराच्या टोकाला गेलो.

८ सप्टेंबर, संध्याकाळी
१.१.

मला माहीत आहे. वेगळं यंत्र. मला सगळं माहीत आहे. दोन्ही लॅबची मापं शेजारी ठेवली तर हे यंत्र वरच दाखवतं, हे शेंबडं पोरही सांगेल. काळजीचं काही कारण नाही.

तिकीट सतराचं करून घेतलं. आठच दिवसांचा प्रश्न आहे. हिला सांगितलं, गाडी रद्द झाली. ही म्हणाली, कोणती? मी म्हटलं, आमची.

१३ सप्टेंबर, सकाळी ९.१५
मुलगी झाली.

बारा दिवस आधी. पहाटे. दोघीही सुखरूप. जावयाने फोन केला, त्याला धड बोलता येत नव्हतं. म्हणाला, बाबा, आत नेताना ती तुम्हाला विचारत होती.

१३ सप्टेंबर, दुपारी
हिचा फोन. बाळाच्या तोंडाशी धरला. रडत होतं. फार खणखणीत रडते. मी ऐकत राहिलो. मग तोंडातून निघालं, माझा ०.७ आला होता. चार तारखेला. सांगायचं राहिलं.

ही म्हणाली, अहो, ते डॉक्टरांना सांगा. इथे तुम्ही हवे होतात.

चिडून नाही म्हणाली. दमली होती.

१३ सप्टेंबर, दुपारी ३
सतराची वाट बघत नाही. आजच निघतो. ठरलं म्हणजे ठरलं.

१३ सप्टेंबर, दुपारी ३.४०
आजच्या गाडीला जागा नाही. उद्याच्या नाही. परवाच्या गाडीला वेटिंग, बेचाळीसवा नंबर. सतराचं तिकीट त्या गडबडीत रद्द करून बसलो. तिकीट-खिडकीवरचा माणूस म्हणाला, उतरेल काका, हळूहळू उतरतं, रोज दहा वेळा बघू नका.

मी म्हटलं, मी कशाला बघतोय?

४.३०. बेचाळीस.
५.१५. बेचाळीस.
६.००. एक्केचाळीस.
६.१०. एक्केचाळीस.